प्वारोचे अखेरचे पर्व घरी पाहताना

लंडन किंवा लेस्टर येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेली कन्या दिवाळीत घरी येते, आईवडिलांना रहस्यकथांची आवड आहे हे ठाऊक असल्यामुळे 'अगाथा ख्रिस्तीज प्वारो' या ब्रिटिश मालिकेच्या अखेरच्या पर्वाचा डीव्हीडी-संच सामानातून जपून आणते, रात्रीची जेवणे आटोपल्यावर सारे कुटुंब हौसेने टीव्हीपुढे बसते, आणि तबकडी यंत्रात सरकवली की चित्राऐवजी पडद्यावर, ही तबकडी या प्रदेशात चालणार नाही, अशा अर्थाची एक ओळ उमटते. हा प्रसंग मी एकाहून अधिक घरांत पाहिला आहे. त्या वेळी आणणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर जी खिन्नता येते ती टाळण्यासारखी असते, कारण दोष तिचा नसतो, तबकडीचाही नसतो. थोडी माहिती आगाऊ असती तर सारे सुरळीत झाले असते. हा लेख त्या माहितीसाठी आहे; परंतु केवळ यंत्राच्या माहितीपुरता तो मर्यादित नाही. पंचवीस वर्षे चाललेल्या एका कथाप्रवाहाचा शेवट आयुष्यात पहिल्यांदा एकदाच पाहता येतो, आणि त्या एका वेळेची तजवीज यंत्र, क्रम, सोबत आणि गुप्तता या सर्व अंगांनी आधीच करून ठेवली पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रथम वस्तूची ओळख. डेव्हिड सुशे या नटाने हर्क्यूल प्वारो या बेल्जियन गुप्तहेराची भूमिका ८ जानेवारी १९८९ रोजी आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर प्रथम केली आणि १३ नोव्हेंबर २०१३ रोजी तिचा समारोप केला. या कालावधीत तेरा पर्वे आणि सत्तर कथा झाल्या. सुशे यांनी आरंभीच ख्रिस्तीबाईंची पुस्तके बारकाईने वाचून प्वारोच्या सवयी, आवडीनिवडी आणि लकबी यांची त्र्याण्णव कलमांची एक यादी स्वतःसाठी तयार केली होती. पेयात साखरेचे खडे किती घालावयाचे येथपर्यंतचे तपशील तीत होते, आणि ती यादी त्यांनी पुढे वर्षानुवर्षे जवळ बाळगली. एखाद्या जुन्या दप्तरातील कारकुनाने नोंदवही सांभाळावी तशा निष्ठेने सांभाळलेल्या त्या यादीचा परिणाम असा झाला, की १९८९ मधला प्वारो आणि २०१३ मधला प्वारो ही एकाच माणसाची दोन वये वाटतात, दोन भूमिका वाटत नाहीत. अखेरच्या पर्वाला जे वजन आहे ते या सातत्याचे आहे. म्हणूनच ज्यांनी आधीचा एकही भाग पाहिलेला नाही त्यांनी या संचाने आरंभ करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्यांना कथा समजतील, पण निरोप समजणार नाही.

या तेराव्या पर्वात पाच दीर्घ कथा आहेत: 'एलिफंट्स कॅन रिमेंबर', 'द बिग फोर', 'डेड मॅन्स फॉली', 'द लेबर्स ऑफ हर्क्यूलिस' आणि 'कर्टन'. संच विकत घेताना वेष्टनावरील पर्वाच्या क्रमांकावर विसंबून राहू नये, तर ही पाच नावे वेष्टनाच्या मागील बाजूस आहेत की नाहीत याची खातरजमा करावी. कारण मधल्या काळातील दीर्घ कथा निरनिराळ्या देशांतील प्रकाशकांनी निरनिराळ्या गठ्ठ्यांत बांधून विकल्या, आणि क्रमांक व कथा यांचा मेळ सर्वत्र सारखा राहिलेला नाही. प्रत्येक कथा सुमारे दीड तासाची आहे. छापलेला कालावधी यापेक्षा बराच कमी दिसला तर ती काटछाट केलेली प्रत असण्याचा संभव धरून चालावे, कारण रहस्यकथेत वगळलेली तीन मिनिटे ही बहुधा नेमकी तीच असतात ज्यांत कोणीतरी चुकून एक शब्द अधिक बोलून गेलेले असते.

आता प्रदेशाची बाब. डीव्हीडीच्या व्यवस्थेत जगाचे क्रमांकवार प्रदेश पाडलेले आहेत: अमेरिका व कॅनडा पहिल्यात, ब्रिटन, युरोपाचा मोठा भाग आणि जपान दुसऱ्यात, आणि भारत पाचव्यात. तबकडीच्या वेष्टनावर पृथ्वीगोलाच्या लहान चित्रात हा अंक छापलेला असतो. ब्रिटनहून आलेला संच दुसऱ्या प्रदेशाचा असल्यामुळे केवळ पाचवा प्रदेश मानणाऱ्या यंत्रावर तो चालणार नाही. यावर उपाय सोपा आहे, तो असा की सर्व प्रदेशांच्या तबकड्या चालवणारे यंत्र पाहून घ्यावे, आणि दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न थांबता शक्य असल्यास संच सोबत नेऊन दुकानातच पाच मिनिटे लावून पाहावा. संगणकावर पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: संगणकातील डीव्हीडी-ड्राइव्हचा प्रदेश साधारणपणे पाचच वेळा बदलता येतो आणि पाचव्या बदलानंतर तो कायमचा ठरून जातो, तेव्हा घरातील मुलांनी उत्साहाच्या भरात हा बदल वारंवार करू नये. ब्लू-रे तबकड्यांचे प्रदेश अंकांनी नव्हे तर अक्षरांनी ओळखले जातात: अमेरिका ए, ब्रिटन व युरोप बी, आणि भारत सी. काही ब्लू-रे तबकड्यांवर प्रदेशाचे बंधन घातलेलेच नसते, परंतु ते वेष्टन वाचूनच ठरवावे.

आणखी एक भेद चित्राच्या पद्धतीचा आहे. ब्रिटन आणि भारत या दोन्ही देशांत टीव्हीसाठी पाल पद्धत रूढ होती, तिच्यात सेकंदाला पंचवीस चित्रे आणि चित्रात ५७६ आडव्या रेषा असतात. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत रेषा ४८० आणि चित्रे सेकंदाला सुमारे तीस. मालिका मूळची ब्रिटिश असल्यामुळे ब्रिटिश डीव्हीडी मूळ गतीच्या जवळ राहते, तर अमेरिकी डीव्हीडीवर पद्धतीचे रूपांतर झालेले असल्यामुळे छायाचित्रकाराने सावकाश फिरवलेल्या दृश्यांत किंचित धक्के जाणवू शकतात. म्हणून निवड हातात असेल तर मी डीव्हीडीत ब्रिटिश प्रत घेईन. ज्यांच्याकडे मोठा पडदा आहे त्यांनी मात्र ब्लू-रे घ्यावी. डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते आणि ब्लू-रेचे १९२० गुणिले १०८० बिंदूंचे. आणि या पर्वातील वेशभूषा, जुन्या घरांतील लाकडी तावदाने व संधिप्रकाशात चित्रित केलेली दालने पाहता हा फरक केवळ आकड्यांत राहत नाही.

नकली प्रतींविषयी एकच सूचना पुरे. कारखान्यात साच्यावर दाबून काढलेल्या तबकडीची खालची बाजू बहुधा रुपेरी असते, तर घरगुती यंत्रावर लिहिलेल्या डीव्हीडीची खालची बाजू रंगद्रव्यामुळे जांभळट दिसते. 'अस्सल' म्हणून विकलेल्या संचात अशी जांभळट तबकडी निघाली तर ती परत करावी, कारण नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी रंगद्रव्यावर लिहिलेला मजकूर उन्हाने आणि काळाने लवकर पुसट होतो, आणि कथेचा अखेरचा अर्धा तास उघडत नाही अशी वेळ येऊ शकते.

यंत्राचा बंदोबस्त झाला की क्रमाकडे वळावे, आणि येथे मी वाचकांचा थोडा अधिक वेळ घेणार आहे. अखेरच्या पर्वापूर्वी एक जुना भाग अवश्य पाहावा: 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स'. ख्रिस्तीबाईंची ही पहिली प्रकाशित कादंबरी. १९२० साली ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली, आणि प्वारो जगापुढे आला तो तिच्यातूनच. तिची दूरचित्रवाणी-आवृत्ती १६ सप्टेंबर १९९० रोजी, म्हणजे लेखिकेच्या जन्मशताब्दीच्या दुसऱ्या दिवशी, दाखवली गेली. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतलेला तरुण हेस्टिंग्ज स्टाइल्स नावाच्या ग्रामीण वाड्यात विश्रांतीसाठी येतो, आणि तेथे निर्वासित म्हणून आलेल्या प्वारोशी त्याची पुन्हा गाठ पडते. 'कर्टन' ही शेवटची कथा त्याच स्टाइल्सच्या वाड्यात घडते. दुसरे महायुद्ध संपून गेले आहे, वाड्याची अवकळा झाली आहे, तो आता पैसे घेऊन पाहुणे ठेवण्याचे ठिकाण झाला आहे, प्वारो चाकांच्या खुर्चीत बसलेला आहे आणि हेस्टिंग्जचे केस पिकले आहेत. ज्याने पहिला स्टाइल्स ताज्या स्मृतीत ठेवला आहे त्यालाच दुसऱ्या स्टाइल्सच्या जिन्याचा, बागेचा आणि दाराचा अर्थ लागेल. हा भाग जुन्या चौरस घडणीच्या चित्राचा आहे, त्यामुळे रुंद पडद्यावर तो लावल्यास दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते तसेच राहू द्यावेत आणि चित्र ताणून पडदा भरण्याचा मोह टाळावा, नाही तर प्वारो आहे त्याहून एक तृतीयांशाने अधिक लठ्ठ दिसतो.

त्यानंतर पर्वातील कथा प्रक्षेपणाच्या क्रमानेच पाहाव्यात. 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' ९ जून २०१३ रोजी दाखवली गेली आणि उरलेल्या चार त्याच वर्षी २३ ऑक्टोबरपासून दर आठवड्यास एक याप्रमाणे. या पहिल्या कथेची एक गंमत अशी, की मूळ कादंबरी १९७२ सालची असून ख्रिस्तीबाईंनी लिहिलेली ती प्वारोची शेवटची कादंबरी होय. 'कर्टन' प्रसिद्ध झाली १९७५ साली, पण ती लिहिली गेली होती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिचे हस्तलिखित कुलुपात होते. म्हणजे हे पर्व लेखनक्रमाने शेवटच्या कथेपासून सुरू होऊन प्रकाशनक्रमाने शेवटच्या कथेपाशी संपते. लेखिका ऐन भरात असताना तिने आपल्या नायकाचा निरोप लिहून ठेवला, आणि नंतर तीन दशके त्याच्या नव्या नव्या कथा लिहीत राहिली, ही गोष्ट मनात ठेवून पाहिले म्हणजे 'कर्टन'मधील बुद्धीची धार थकलेल्या हाताची का नाही याचा उलगडा होतो.

कड्यावर मृत सापडलेल्या एका दांपत्याचे जुने प्रकरण उकरून काढणारी 'एलिफंट्स' ही कथा मला पर्वातील मध्यम प्रतीची वाटते. झोई वानामेकर यांनी साकारलेली एरियाडनी ऑलिव्हर ही रहस्यकथा-लेखिका तिला उचलून धरते, इतके म्हणून पुढे जावे. 'द बिग फोर'ची गोष्ट निराळी आहे. १९२७ सालचे हे मूळ पुस्तक नियतकालिकातील बारा लघुकथा जोडून बनवलेले, आणि जागतिक कटाच्या कल्पनेमुळे प्वारोच्या इतर पुस्तकांच्या मानाने विस्कळीत. मार्क गॅटिस आणि इयन हॅलार्ड यांनी पटकथा लिहिताना त्यात पुष्कळ फेरबदल केले, आणि पुस्तकाशी एकनिष्ठ असणाऱ्या वाचकाला ते खटकतील. मला ते योग्य वाटले. पण हा भाग पाहावयाचा तो मुख्यत्वे पुनर्भेटीसाठी. ह्यू फ्रेझर यांचा हेस्टिंग्ज, फिलिप जॅक्सन यांचा पोलीस अधिकारी जॅप आणि पॉलिन मोरान यांची प्वारोची चिटणीस मिस लेमन ही आरंभीच्या वर्षांतली मंडळी सुमारे तपभराच्या अंतराने येथे परततात. ज्यांनी पहिल्या काही पर्वांत प्वारोसह ही चौकडी लंडनमधल्या त्या गोलसर दर्शनी भिंतीच्या इमारतीत चहा घेताना पाहिली आहे, त्यांना या भेटीत रहस्यापेक्षा मोठे काहीतरी मिळते. तेव्हा घरात आजी-आजोबा मालिकेचे जुने प्रेक्षक असतील तर निदान या रात्री त्यांना झोपी जाऊ देऊ नये.

'डेड मॅन्स फॉली' १९५६ सालच्या कादंबरीवर आधारलेली आहे, आणि तिच्यात येणारा नास हाउस हा वाडा ख्रिस्तीबाईंनी आपल्या डेव्हन परगण्यातील ग्रीनवे या स्वतःच्या घरावरून रेखाटला होता. डार्ट नदीच्या काठचे हे घर त्यांनी १९३८ साली घेतले. आज ते नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि लोकांना पाहता येते. चित्रीकरण त्याच घरी झाले. पुस्तकातील नौकागृह, नदीकडे उतरणारी वाट, झाडीतून अवचित दिसणारे पाणी हे सारे या भागात कल्पनेने उभारलेले नसून मूळ जागेवरचे आहे, असा योग वाङ्मयाच्या चित्ररूपांत क्वचितच येतो. वाचकांनी हा भाग पाहताना कथानकाइतकेच त्या घराकडे लक्ष द्यावे अशी माझी शिफारस आहे. ब्लू-रेचा खर्च येथे वसूल होतो.

'द लेबर्स ऑफ हर्क्यूलिस' ही १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या बारा लघुकथांच्या संग्रहाची एकसंध मांडणी आहे. आपल्या शब्दावर विसंबलेल्या एका तरुणीचे रक्षण आपल्याला करता आले नाही, या सलाने ग्रासलेला प्वारो बर्फाने वेढलेल्या स्विस हॉटेलात येतो. हा भाग मुद्दाम काळोखी आणि एकाकी ठेवलेला आहे, आणि तो पाहिल्यावर लगेच त्याच रात्री 'कर्टन' लावण्याची इच्छा अनेकांना होते. ती आवरावी. दोहोंमध्ये निदान चार-पाच दिवसांचे अंतर ठेवावे. संपूर्ण पर्व म्हणजे साडेसात तासांचा ऐवज. तो एका रविवारी सकाळपासून बसून संपवणे शक्य आहे, परंतु मूळ प्रेक्षकांना दर दोन कथांमध्ये निदान एक आठवडा मिळत होता, आणि त्या आठवड्यात संशय मुरत होता. आपल्याकडेही १९९३ साली दूरदर्शनवर ब्योमकेश बक्षी पाहणाऱ्या मंडळींना आठवेल की पुढच्या भागाची वाट पाहणे हा त्या आस्वादाचाच एक अंश होता. तबकडी हाती असल्यामुळे वाट पाहण्याची सक्ती उरलेली नाही. ती स्वेच्छेने पत्करावी.

यानंतर गुप्ततेचा विषय, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. 'कर्टन'चा आरंभ एवढाच सांगतो: प्वारो हेस्टिंग्जला स्टाइल्सला बोलावून घेतो आणि सांगतो की या घरात एक खुनी आहे, मला तो ठाऊक आहे, परंतु त्याचे नाव मी तुला सांगणार नाही. याच्या पुढचे एक अक्षरही मी येथे लिहिणार नाही, आणि वाचकांनीही ते दुसऱ्याला सांगू नये, दुसऱ्याकडून ऐकू नये. माझ्या बाबतीत हे घडले आहे. एका लग्नाच्या पंगतीत, मठ्ठ्याची वाटी हातात असताना, शेजारच्या सुशिक्षित गृहस्थांनी अत्यंत आपुलकीने 'कर्टन'चा शेवट दोन वाक्यांत मला सांगून टाकला. त्यांचा हेतू चांगला होता, पण ती हानी भरून येणारी नव्हती. पुढे मी तो भाग पाहिला तो अखेरपर्यंत जाणत्याच्या डोळ्यांनी, आणि नेणत्याच्या डोळ्यांनी तो पाहण्याचा माझा हक्क कायमचा गेला. म्हणून संच घरी येताच काही दक्षता घ्यावी. वेष्टनाच्या मागील सारांश पूर्ण वाचू नये. नावे, कालावधी आणि उपशीर्षके पाहून वेष्टन उलटे ठेवावे. तबकडीच्या आरंभीच्या सूचीपटात कथेतील दृश्ये फिरत असतात, ती सुरू होताच 'प्ले' दाबावे, प्रकरणांची चित्रयादी उघडू नये. २०१३ साली दाखवलेला सुशे यांच्याविषयीचा 'बीइंग प्वारो' हा माहितीपट आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले त्यांचे 'प्वारो अँड मी' हे आत्मकथनपर पुस्तक दोन्ही उत्कृष्ट आहेत, परंतु 'कर्टन'च्या आधी त्यांना हात लावू नये. मूळ कादंबरी आधी वाचावी की नंतर, असा प्रश्न मला अनेकांनी केला आहे. 'स्टाइल्स' आधी वाचावी आणि 'कर्टन' नंतर, असे माझे उत्तर आहे. केविन एलियट यांची पटकथा आणि हेटी मॅकडॉनल्ड यांचे दिग्दर्शन यांनी पुस्तकाचा गाभा इतका सचोटीने राखला आहे की नंतरच्या वाचनात नवी खोलीच हाती लागते. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथांवर ज्यांचे बालपण पोसले गेले, त्या पिढीला शेवटचे पान आधी उघडू नये हे शिकवावे लागत नाही. शिकवायचे आहे ते घरातील तरुणांना, ज्यांचा हात कथा चालू असतानाच माहिती शोधण्यासाठी मोबाइलकडे जातो. त्या दीड तासापुरते मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत.

टीव्हीच्या मांडणीत एक सुधारणा बहुतेक घरांत करावी लागेल. नव्या टीव्हींत हालचाल गुळगुळीत करण्याची एक सोय कारखान्यातूनच चालू असते, जी दोन चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रे घालते. तिच्यामुळे १९३० च्या दशकातील दिवाणखाना एकाएकी आजच्या दैनंदिन मालिकेच्या सेटसारखा दिसू लागतो. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी. खोलीत मंद दिवा ठेवावा, पडद्यावर प्रकाश पडणार नाही असा. 'कर्टन'मधील अनेक प्रसंग अर्ध्या काळोखात आहेत आणि लख्ख ट्यूबलाइटखाली ते दिसतच नाहीत.

उपशीर्षके लावण्यात संकोच मानू नये. सुशे यांचा प्वारो फ्रेंच वळणाची इंग्रजी बोलतो, नोकरचाकरांच्या तोंडी ग्रामीण इंग्लंडचे उच्चार आहेत, वाड्यातील वृद्ध उमराव शब्द गिळतात, आणि रहस्यकथेत एक शब्द निसटणे म्हणजे साक्षीपुराव्यातील एक कागद गहाळ होण्यासारखे आहे. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग होतो. ऐकू कमी येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी तर ती हवीतच. मात्र सर्वच प्रतींवर ती असतात असे नाही, सबब खरेदीच्या वेळीच वेष्टनावर पाहून घ्यावे. घरात कोणी सतत 'काय म्हणाला?' असे विचारू लागले तर त्यांना गप्प करू नये. तबकडी थांबवावी, मागे न्यावी आणि ते वाक्य पुन्हा ऐकवावे. घरच्या तबकडीने दिलेली ही मोठी सवलत आहे आणि पहिल्या चार कथांत तिचा मुक्तपणे वापर करावा. शेवटचा खुलासा सुरू होण्यापूर्वी चित्र स्थिर करून प्रत्येकाने आपला संशयित कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घडी घालून ठेवण्याची एक प्रथा आमच्या घरी आहे. मुले त्यात विशेष रमतात, आणि बोलून न दाखवल्यामुळे कोणी कोणाच्या तर्कावर स्वार होत नाही. 'कर्टन' मात्र एकदा सुरू केला की थांबवू नये. चहा आधी घ्यावा, दाराची घंटा वाजली तर एकाने उठून बाहेरच बोलून यावे, आणि बाकीच्यांनी बसून राहावे.

पाहून झाल्यावर तबकड्यांच्या जतनाकडे दुर्लक्ष होते, म्हणून त्याविषयी थोडे. डीव्हीडी ही १.२ मिलिमीटर जाडीची असते, पण ती दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते आणि मजकूर त्यांच्या मधोमध असतो. डबीतून काढताना कडेला धरून ओढल्यास चकती वाकते आणि चिकटलेला थर सुटू लागतो. म्हणून मधली कळ बोटाने दाबून तबकडी सैल झाल्यावरच उचलावी. ब्लू-रेत मजकूर पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटर आत असतो, वर कठीण लेप असला तरी खोल ओरखडा तिला अधिक घातक ठरतो. पुसताना मऊ सुती फडके मध्यापासून काठाकडे सरळ रेषेत न्यावे, गोल फिरवू नये. कारण मजकूर गोलाकार मार्गाने लिहिलेला असतो, त्याच दिशेने पडलेला लांब ओरखडा यंत्राच्या दुरुस्ती-गणिताला पेलत नाही, आडवा लहान ओरखडा पेलतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कपाटातील हवा दमट होते. जुन्या व्हीएचएस कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी चढलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगणे नको. तबकडीला बुरशीचे भय फितीइतके नाही, परंतु वेष्टनाचा कागद आणि आतील पुस्तिका हमखास डागाळतात. डब्या उभ्या ठेवाव्यात, खालच्या कप्प्यात नव्हे, भिंतीला टेकून नव्हे, आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या शेजारी ठेवून गणपतीनंतर त्या बदलाव्यात. हल्ली लॅपटॉपला तबकडीचे खण नसतात. तेव्हा चालू स्थितीतले एक यंत्र किंवा यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह घरात राखून ठेवावा, नाही तर संच शाबूत आणि यंत्र नाही अशी स्थिती येईल.

'कर्टन' संपल्यावर घरात थोडा वेळ कोणी बोलणार नाही. दिवे लगेच लावू नयेत, श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्यावी. आठ-दहा दिवसांनी मन थाऱ्यावर आले की 'डेड मॅन्स फॉली'ची तबकडी पुन्हा लावावी. सुशे यांच्या इच्छेनुसार 'कर्टन'चे चित्रीकरण २०१२ सालीच आटोपून घेतले होते, म्हणजे निरोपाच्या भूमिकेने त्यांचे काम संपू नये. आणि जून २०१३ मध्ये ग्रीनवेच्या आवारात जे चित्रित झाले तो या पंचवीस वर्षांच्या कामाचा खरा शेवटचा टप्पा होता. आता खुनी कोण हे ठाऊक आहे, तेव्हा ते शोधू नये. काळ्या चकचकीत बुटांनी, छोटी छोटी पावले टाकीत, पाठ ताठ ठेवून तो गृहस्थ ख्रिस्तीबाईंच्या घराकडे चालत जातो, तेवढेच नीट पाहावे.